मतदार यादीतलं नाव : बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी मतदारांचे नेहमीचे प्रश्न

निवडणूक जाहीर झाली की तहसीलदार कचेरीसमोर रांग लागते, आणि त्या रांगेतल्या निम्म्या लोकांचं काम सहा महिन्यांपूर्वी घरबसल्या झालं असतं. मतदार नोंदणीचे नियम देशभर सारखेच आहेत. आपल्या भागातल्या अडचणी मात्र थोड्या वेगळ्या : नाव मराठी पण यादी कन्नड, माहेर चंदगडला आणि सासर बेळगुंदीला, शेत निपाणीत आणि नोकरी कागलच्या एमआयडीसीत. खालचे प्रश्न त्याच धर्तीचे आहेत.

माझ्याकडे मतदार कार्ड आहे. म्हणजे यादीत नाव असणारच ना?

असेलच असं नाही. कार्ड म्हणजे फक्त ओळखपत्र. मत देता येतं ते यादीत नाव असल्यामुळे. वीस वर्षं कपाटात जपून ठेवलेलं कार्ड घेऊन माणूस केंद्रावर जातो आणि नाव वगळलेलं निघतं, असे प्रकार दर निवडणुकीला घडतात. घर बदललं, बीएलओ (बूथची यादी तपासणारे कर्मचारी) आले तेव्हा दाराला कुलूप होतं, शेजाऱ्यांनी ‘ते आता इथं राहत नाहीत’ असं सांगून टाकलं, एवढ्यावरूनही नाव वगळण्याची प्रक्रिया सुरू होऊ शकते.

याच्या उलटही खरं आहे. नाव यादीत आहे पण कार्ड हरवलंय, तर मत देता येतं. आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड, फोटोसहित पेन्शनची कागदपत्रं, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड यांपैकी काहीही चालतं. रेशन कार्ड चालत नाही. आणि घरी येते ती मतदार चिठ्ठी फक्त भाग क्रमांक, अनुक्रमांक सांगण्यासाठी असते. नुसत्या चिठ्ठीवर मतदान करू देणं २०१९ पासून बंद झालं आहे.

नाव यादीत आहे का, ते कसं बघायचं? मी शोधलं तर ‘नोंद सापडली नाही’ असं येतंय.

निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर किंवा मोबाइल ॲपवर तीन प्रकारे शोधता येतं : कार्डाच्या नंबरवरून, नाव-वय-मतदारसंघ टाकून, किंवा नोंदवलेल्या मोबाइल नंबरवरून. जमेल तिथं कार्डाचा नंबरच वापरा. तीन अक्षरं आणि सात आकडे असा तो दहा जागांचा असतो. घरातल्या वडीलधाऱ्यांकडे तिरक्या रेघा असलेल्या लांबलचक नंबराचं जुनं कार्ड असेल, तर तो नंबर आता बदललेला असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांच्यासाठी नावावरून शोधा आणि नवा नंबर लिहून घ्या.

नावावरून शोधताना गोची होते ती स्पेलिंगची. यादीतलं इंग्रजी नाव पुष्कळदा कन्नडवरून उतरलेलं असतं. आपण ज्ञानेश्वर हे नाव ‘डी-एन-वाय’ने सुरू करतो, यादीत ते ‘जे-एन’ने सुरू झालेलं असतं. मग संगणक ‘नाही’ म्हणतो आणि आपण नाव गेलं म्हणून हबकतो. चव्हाण, जाधव, वैजयंता, यल्लाप्पा, लक्ष्मी, कुठलंही नाव दोन-तीन तऱ्हांनी टाकून बघा. आडनाव न टाकता नुसतं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव टाकून बघा. तरी सापडलं नाही तर आपल्या भागाची, म्हणजे बूथची, पीडीएफ यादी उघडा आणि घर क्रमांकाच्या आसपासची पानं डोळ्यांखालून घाला. शेजाऱ्यांची नावं आहेत आणि आपलंच नाही, तर मग खरोखर काळजीचं कारण आहे.

इंटरनेटची भानगड नको असेल तर १९५० या नंबरावर फोन करा, नाहीतर सरळ बीएलओंना गाठा. बहुतेक गावांत ते काम शाळेचे गुरुजी किंवा अंगणवाडीच्या बाईच करत असतात.

मला कन्नड वाचता येत नाही. अर्ज भरताना काय सांभाळायचं?

हा प्रश्न लोक संकोचून विचारतात, पण यात लाजण्यासारखं काही नाही. कर्नाटक निवडून अर्ज उघडला की नावाचे रकाने दोन भाषांत येतात, इंग्रजी आणि कन्नड. इंग्रजीत टाइप केलं की कन्नड रकाना आपोआप भरतो, आणि तिथंच घात होतो. ‘पाटील’चं ‘पटिल’, ‘साळवी’चं ‘सालवी’, ‘बाळू’चं ‘बालू’ असं काहीही होतं. कन्नडमध्ये ळ आहे, दीर्घ आ आहे, सगळं आहे. बिचाऱ्या संगणकाला आपलं आडनाव माहीत नाही इतकंच. रकान्याशेजारचा कन्नड कीबोर्ड वापरून ते दुरुस्त करता येतं.

आपल्याला वाचता येत नसेल तर घरातलं शाळकरी पोर हाताशी असतं. मराठी माध्यमाच्या मुलांनाही कन्नड विषय असतोच. त्याला अर्ज दाखवा आणि मोठ्यानं वाचायला सांगा. कानाला नाव बरोबर वाटलं की मगच सबमिट करा. सायबर कॅफेत अर्ज भरून घेत असाल तर तिथंही हीच सवय ठेवा. कॅफेवाल्याला घाई असते, चुकीचं नाव पाच वर्षं आपल्याला वागवावं लागतं.

दुसरी गोष्ट : आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सलग लिहितो. अर्जात स्वतःचं नाव, आडनाव आणि नातेवाइकाचं नाव असे वेगळे रकाने आहेत. वडिलांचं नाव स्वतःच्या नावाच्या रकान्यात घुसवलं की आधारशी ताळमेळ बसत नाही, आणि ऑनलाइन अर्जाला आधारवर आधारित ई-सही लागली की गाडी तिथंच अडते.

कुठल्या कामाला कुठला फॉर्म?

पहिल्यांदाच नाव घालायचं असेल तर फॉर्म ६. नाव काढायचं किंवा कुणाच्या नावाला हरकत घ्यायची तर फॉर्म ७. बाकी जवळजवळ सगळं, म्हणजे पत्ता बदलणं, नाव-वय-फोटो दुरुस्त करणं, हरवलेल्या कार्डाऐवजी नवं घेणं, दिव्यांग म्हणून नोंद करणं, फॉर्म ८ वर होतं. २०२२ पर्यंत दुसऱ्या मतदारसंघात राहायला गेल्यावर पुन्हा फॉर्म ६ भरायची पद्धत होती, आणि अजून काही जुनी मंडळी तेच सांगतात. तसं करू नका. एकदा नाव लागलेल्या माणसानं परत फॉर्म ६ भरला की दुबार नोंदीचं लफडं मागे लागतं. आधार क्रमांक जोडण्यासाठी फॉर्म ६-ब आहे, पण ते ऐच्छिक आहे. आधार दिला नाही म्हणून नाव कापता येत नाही.

माझ्या मुलीला मार्चमध्ये १८ पूर्ण होतात. जानेवारीपर्यंत थांबायचं का?

नाही. पूर्वी १ जानेवारी ही एकच तारीख धरायचे. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार आहेत. समजा जन्म २० मार्च २००८ चा आहे, तर १ एप्रिल २०२६ ही तिची तारीख. १७ पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज देऊन ठेवता येतो. आपल्या तारखेला तो विचारात घेतला जातो.

कागदपत्रं कोणती लागतात? आम्ही भाड्यानं राहतो.

जन्मतारखेसाठी जन्मदाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट किंवा एसएसएलसी-पीयूसीचं (दहावी-बारावीचं) मार्क्स कार्ड, यांतलं एक. पत्त्यासाठी आधार, पासबुक, पासपोर्ट, पाण्याचं, गॅसचं किंवा हेस्कॉमचं (विजेचं) बिल, जमिनीचा उतारा, नोंदणीकृत भाडेकरार किंवा खरेदीखत, यांतलं एक. बिल आई-वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असलं तरी चालतं.

शहापूर, वडगाव, अनगोळ भागात भाडेकरार नोंदवून देणारे घरमालक शोधून सापडत नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. अशा वेळी नव्या पत्त्यावर बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक बदलून घेणं सगळ्यात सोपं. यांपैकी काहीच नसेल तरी अर्ज द्यावा. मग बीएलओ प्रत्यक्ष येऊन खात्री करतात. त्या दिवशी घरात कुणीतरी असू द्या आणि शेजाऱ्यांच्या कानावर घालून ठेवा.

लग्न होऊन चंदगड तालुक्यातून बेळगावला आले. माहेरच्या यादीत नाव आहे. आता काय करू?

फॉर्म ८ भरा, ‘निवासस्थान बदल’ निवडा आणि माहेरच्या कार्डाचा नंबर द्या. राज्य बदललं तरी फॉर्म हाच. इकडे नाव लागलं की तिकडचं निघतं, आणि कार्डाचा नंबर तोच राहतो. पत्त्याचा पुरावा म्हणून सासरचं बिल किंवा उतारा आणि लग्नाचा दाखला जोडा.

आडनाव बदलत असेल तर दुरुस्तीची मागणी पुराव्यासहित करावी लागते. आपल्याकडे तांदळात नाव लिहून लग्नातच पाळण्यातलं नाव बदलायची रीत अजून काही घरांत आहे. घरात सगळे ‘वैशाली’ म्हणतात आणि दहावीच्या मार्क्स कार्डावर ‘सुनीता’. अशा बायकांना माझा सल्ला एकच : आधारवर जे नाव आहे तेच मतदार यादीत ठेवा. आधार बदलायचं असेल तर आधी ते बदला, मग यादी. दोन्हीकडे दोन नावं असली की पुढे पेन्शनपासून वारसापर्यंत प्रत्येक ठिकाणी तुम्हाला ‘मी तीच’ म्हणून सिद्ध करत बसावं लागतं. आणि लग्नानंतर आडनाव बदलायलाच हवं असा कुठलाही नियम नाही, हेही सासूबाईंना सांगायला हरकत नाही.

आमची शेती दोन्हीकडे आहे. नाव दोन्हीकडे ठेवलं तर काय बिघडतं?

बिघडतं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानं एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात आणि एकदाच असू शकतं. त्यासाठी खोटं प्रतिज्ञापन दिलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. नुसतं घर किंवा जमीन मालकीची आहे एवढ्यानं तिथला मतदार होता येत नाही. तुम्ही नेहमी राहता कुठे हे बघितलं जातं.

सीमेवर ही सवय जुनी आहे आणि पुष्कळांना त्यात काही गैर वाटत नाही. ‘इकडची ग्रामपंचायत आपल्या पाव्हण्यांची, तिकडची मामाची’ असा हिशेब असतो. पण २०२४ च्या लोकसभेला चिक्कोडी, बेळगाव आणि तिकडे कोल्हापूर, हातकणंगले यांचं मतदान एकाच दिवशी, ७ मे रोजी होतं. बोटाला शाई लावून दूधगंगा ओलांडणार कसं? दोन ठिकाणी मत दिल्याचं निघालं तर दोन्ही मतं बाद धरली जातात. जिथं आता राहत नाही तिथलं नाव फॉर्म ७ देऊन काढून घ्या. दुसऱ्या कुणी तक्रार करून ते काढायला लावण्यापेक्षा हे बरं.

सीमाप्रश्न कोर्टात आहे. कर्नाटकात मतदार म्हणून नाव घातलं तर आपला दावा कमजोर होतो का?

नाही. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि तो दोन राज्यांमधला आहे. मतदार यादी तुमचं मत किंवा निष्ठा विचारत नाही, राहण्याचं ठिकाण विचारते. २०१३ मध्ये बेळगाव दक्षिण आणि खानापुरातून महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार विधानसभेत गेले, ते याच याद्यांवर पडलेल्या मतांनी. ज्याला कुठलीही बाजू मांडायची असेल त्यानं आधी यादीत असलं पाहिजे.

याच प्रश्नाचं दुसरं टोक : महाराष्ट्र ज्या ८६५ गावांवर दावा सांगतो तिथल्या लोकांना त्या सरकारनं काही योजना लागू केल्या आहेत. म्हणून तिथला माणूस महाराष्ट्राचा मतदार होत नाही. योजनेच्या लाभासाठी कुणी चंदगड किंवा कागलमध्ये मतदार म्हणून नाव घालायला सांगत असेल, तर त्याच्या नादी लागू नका.

मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याचं नाव इथंच ठेवलं तर चालेल का?

तो खोली घेऊन तिकडेच स्थायिक झाला असेल तर नियमाप्रमाणे नाव तिकडे हवं. कामापुरता, हंगामापुरता बाहेर असेल तर इथलं नाव जात नाही. तात्पुरत्या गैरहजेरीमुळे रहिवास संपत नाही असं कायद्यातच आहे. ऊसतोडीला किंवा गोव्याला बांधकामावर जाणाऱ्यांना हेच लागू. कोल्हापूर, धारवाडला हॉस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरचा पत्ता किंवा हॉस्टेलचा, कुठलाही एक निवडता येतो.

पुण्याहून येणाऱ्या गाड्या मतदानाच्या आदल्या रात्री कशा भरून येतात ते आपण बघतोच. त्यात निम्मे तरी असे की दहा वर्षांपूर्वीच नाव तिकडे न्यायला हवं होतं. पण हा ज्याचा त्याचा प्रश्न.

नवरा फौजेत आहे.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात, तेव्हा हा प्रश्न यायचाच. जवानाला ‘सेवा मतदार’ म्हणून गावच्या मतदारसंघात नोंद करता येते. त्यासाठी फॉर्म २ आपल्या युनिटमार्फत जातो. मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं युनिटकडे येते आणि भरून पोस्टानं परत जाते. बायको नवऱ्याबरोबर राहत असेल तर तिलाही सेवा मतदार होता येतं. ती गावीच राहत असेल तर सगळ्यांसारखा फॉर्म ६. सेवा मतदार झाल्यावर गावच्या साध्या यादीतलं जुनं नाव राहू देऊ नका. निवृत्त होऊन घरी आल्यावर पुन्हा साधा मतदार म्हणून नोंद करायचं पुष्कळ जण विसरतात, आणि ते कळतं मतदानाच्या दिवशी.

माझ्या नावावर कुणीतरी फॉर्म ७ टाकलाय असं ऐकलं.

घाबरू नका, पण गप्पही बसू नका. हरकत घेणाऱ्याला स्वतःचं नाव, कार्डाचा नंबर आणि कारण द्यावं लागतं. तुम्हाला नोटीस देऊन म्हणणं ऐकल्याशिवाय, ‘स्थलांतरित’ म्हणून, नाव काढता येत नाही. नोटीस आली की पत्त्याचा पुरावा घेऊन दिलेल्या तारखेला हजर राहा. कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद मतदारसंघात २०२३ च्या निवडणुकीआधी नावं काढण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले होते. तपासणीत त्यातले २४ खरे निघाले. तिथं हे लक्षात आलं ते बीएलओनं आपल्याच नातेवाइकाच्या नावावरचा अर्ज बघितल्यामुळे, असं सांगतात. म्हणून तीन-चार महिन्यांतून एकदा आपलं नाव पोर्टलवर बघून ठेवावं.

अर्ज नामंजूर झाला. आता?

मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशापासून १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे डीसींकडे अपील करता येतं. तिथं नाही झालं तर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. पण बहुतेक वेळा नकाराचं कारण क्षुल्लक असतं : कागद वाचता येत नव्हता, बीएलओ आले तेव्हा घर बंद होतं. अशा वेळी अपिलाच्या खटपटीपेक्षा नीट कागद लावून परत अर्ज केलेला लवकर फळतो. अर्जाचा संदर्भ क्रमांक मात्र जपून ठेवा.

२००२ ची यादी शोधून ठेवा म्हणतात ती कशासाठी?

२०२५ मध्ये आयोगानं बिहारात आणि त्यानंतर १२ राज्यं-केंद्रशासित प्रदेशांत याद्यांची विशेष सखोल पडताळणी केली. त्या दोन टप्प्यांत कर्नाटक नव्हतं. या पडताळणीत मागच्या सखोल यादीत आपलं किंवा आई-वडिलांचं नाव दाखवावं लागतं, आणि कर्नाटकासाठी ती यादी २००२ ची.

ती बघताना आपल्याकडचा एक घोळ लक्षात ठेवा. २००८ च्या पुनर्रचनेआधी मतदारसंघ वेगळे होते. बेळगाव उत्तर, दक्षिण, ग्रामीण, यमकनमर्डी, कुडची ही नावं २००२ च्या यादीत मिळणारच नाहीत. तेव्हा बेळगाव शहराचा एकच मतदारसंघ होता, आणि उचगाव, बागेवाडी, संकेश्वर, सदलगा असे मतदारसंघ होते. ‘ग्रामीण’मध्ये शोधून नाव नाही म्हणून कपाळाला हात लावण्याआधी उचगाव आणि बागेवाडी बघा. ज्यांचं माहेर चंदगड-गडहिंग्लजकडे आहे त्यांनी आई-वडिलांची नावं तिकडच्या जुन्या यादीत शोधून पानाची प्रत काढून ठेवावी. वडीलधारे आहेत तोवर गल्ली आणि शाळेचं नाव विचारून घ्या, त्यावरून बूथ सापडतो.

घर बदललं, पण त्याच गावात. तरी सांगायला हवं का?

हो, फॉर्म ८. टिळकवाडीतून हिंडलग्याला गेलात तर मतदारसंघच बदलतो. भीमगड अभयारण्यातल्या तळेवाडीसारख्या वस्त्यांतून बाहेर पुनर्वसन झालेल्या कुटुंबांनी तर हे पहिलं काम करावं. नाहीतर जुन्या जागी कुणी राहत नाही म्हणून नाव जाईल आणि नव्या जागी लागलेलं नसेल.

वडील वारले. नाव काढायला जावं लागतं का?

फॉर्म ७ आणि मृत्यूदाखला. दिवसकार्य झाल्यावर सवडीनं करा, पण करा.

आई ८७ वर्षांची आहे, चालता येत नाही.

८५ च्या पुढचे मतदार आणि ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेले घरून मत देऊ शकतात. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत फॉर्म १२-ड द्यावा लागतो. तो बीएलओ घरी आणून देतात. एकदा हा पर्याय घेतला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. यादीत वय चुकून कमी लागलं असेल तर हा हक्क हुकतो, म्हणून जुन्या माणसांचं वय आत्ताच तपासा.

निवडणूक जाहीर झाल्यावर नाव घालता येतं का?

उमेदवारी अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर यादीत काहीही बदल होत नाही. हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात. त्यामुळे त्या तारखेच्या साधारण दहा दिवस आधीपर्यंत आलेलाच अर्ज कामाला येतो.

महापालिका आणि ग्रामपंचायतीची यादी वेगळी असते का?

त्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, पण यादी विधानसभेच्या यादीवरूनच वॉर्डाप्रमाणे तोडून करतात. बेळगाव महापालिकेचे ५८ वॉर्ड आहेत, आणि गल्लीच्या दोन बाजू दोन वॉर्डांत गेल्या की नावं चुकीच्या वॉर्डात पडतात. प्रारूप यादी लागते तेव्हाच हरकत घ्यायची.

खानापूरचा मतदार बेळगावच्या खासदारासाठी मत का देत नाही?

कारण खानापूर आणि कित्तूर हे विधानसभा मतदारसंघ लोकसभेला उत्तर कन्नडला जोडलेले आहेत. निपाणी, हुक्केरी, यमकनमर्डी चिक्कोडीत येतात. यात चूक काही नाही, तक्रार करायची गरज नाही.

पदवीधर मतदारसंघासाठी हेच नाव चालतं का?

नाही, ती यादी वेगळी आणि प्रत्येक निवडणुकीला नव्यानं होते. आपण वायव्य कर्नाटक मतदारसंघात येतो. पदवीधरांसाठी फॉर्म १८, शिक्षकांसाठी १९. अर्हता तारीख, म्हणजे पात्रता ज्या दिवशी धरतात ती, १ नोव्हेंबर, आणि त्या तारखेला पदवी मिळून तीन वर्षं झालेली हवीत. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी आपोआप राहत नाही.